एकट्याने बँकॉक : तुमचा तो एक दिवस कसा गेला? (अनुभव धागा)

ऑफिसच्या कामाने बँकॉकला जायचं ठरलंय. काम तीन दिवसांचं, चौथा दिवस अख्खा मोकळा, विमान रात्री. बरोबरचे दोघे सकाळीच खरेदीला पळणार, त्यामुळे मी एकटी. ठिकाणांच्या याद्या ढिगाने मिळाल्यात, त्या नकोत. तुम्ही एकट्याने तो दिवस नेमका कसा काढलात, कुठे फसलात, काय खाल्लंत ते लिहा. वय ४७, गुडघे शाबूत, शाकाहारी.

नाशिककर (निवृत्त)

फसण्यापासूनच सुरुवात करतो, म्हणजे ते खातं बंद होईल.

सकाळी नऊ वाजता ग्रँड पॅलेसच्या भिंतीकडेने चाललो होतो. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र असा एक गृहस्थ समोर आला. ‘आज बौद्ध सण, राजवाडा बंद, दुपारी उघडेल. तोवर टुकटुकने तीन देवळं बघा, फक्त २० बाट.’ या फसवणुकीबद्दल मी निघण्याआधी दोनदा वाचलं होतं. तरी बसलो! माणूस इतक्या आपुलकीने बोलत होता की खोटं म्हणणं जिवावर आलं.

एक देऊळ खरंच दाखवलं. मग रत्नांचं दुकान. थंड पाणी, एसी, आणि निळ्या खड्याची अंगठी माझ्या बोटात कधी गेली कळलंही नाही. ‘बायकोला विचारावं लागेल’ हे आपलं ब्रह्मास्त्र काढलं, तर विक्रेतीने स्वतःचा फोन पुढे केला. ‘आस्क नाऊ.’ शेवटी पोट बिघडल्याचं सांगून सुटलो. बाहेर टुकटुक गायब.

राजवाडा रोज साडेआठला उघडतो, तिकीट (५०० बाट) साडेतीनपर्यंत मिळतं. कधी समारंभासाठी काही भाग बंद असतो, पण ते दारावरच्या माणसाने सांगायचं, फुटपाथवरच्या नाही. मी पावणेतीनला पोचलो आणि धावत बघितला.

पुण्याचा, तेव्हा वय २४

हाफ पँट घालून गेलो, दारावरच परत पाठवलं. गुडघे-खांदे झाकलेले हवेत. समोरच्या टपरीवर हत्तींची नक्षी असलेली ढगळ विजार घेतली. झकास हवेशीर. दुपारी वाट अरुण (वाट म्हणजे देऊळ) इथल्या उभ्या पायऱ्या चढताना ती मध्यभागी उसवली. उतरताना सॅक पाठीऐवजी जरा खाली धरून उतरलो. एकटा होतो हे किती बरं झालं सांगतो!

सांगलीच्या काकू

तिथे गेले तेव्हा मी ६१ वर्षांची होते. हे जाऊन दीड वर्ष झालं होतं. मुलगी सिंगापूरला असते. तिच्याकडून परतताना हट्टाने दोन रात्री बँकॉकला थांबले.

मी फक्त दोन जागा बघितल्या. पहिली राजवाड्याच्या आवारातलं पाचूच्या बुद्धाचं देऊळ. मूर्ती जेमतेम दोन फुटांची, उंचावर, आणि वर्षातून तीनदा ऋतूप्रमाणे तिचा पोशाख बदलतात. तो मान राजाचा. पण माझा जीव रमला बाहेरच्या ओवरीत. भिंतीवर १७८ चित्रांत सलग रामायण, त्यांचं रामाकियेन. सोनेरी मुकुट, हिरवा रावण. त्याला ते थोत्सकान म्हणतात, म्हणजे दशकंठ. आवारातल्या दारांवर जे राक्षस पहारा देतात, त्यांतही तो आहे. रावण देवळाची राखण करतोय, हे बघून मला हसूच आलं.

एका चित्रापाशी मी पाऊण तास उभी होते. मारुतीने अगडबंब रूप घेऊन झोपलेल्या रामासकट अख्खा मंडप तोंडात धरलाय, महिरावणाने पळवू नये म्हणून. ही गोष्ट मी आजीच्या मांडीवर ऐकलेली, पण तिच्या गोष्टीत मारुती शेपटीचा कोट करून बसायचा. त्यांचा मारुती ब्रह्मचारीही नाही! सेतूचे दगड पळवणारी मत्स्यकन्या, तीही रावणाची लेक, तिच्या प्रेमात पडतो आणि त्यांना मुलगा होतो. आपल्याकडे घामाचा थेंब मासळीने गिळला आणि मकरध्वज झाला. तीच कथा, पण आपण सोवळ्यात गुंडाळली. हे असते तर वाद घातला असता.

दुसरी जागा वाट फो, चालत पंधरा मिनिटं. निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब. आत शिरल्यावर आधी कानावर येतो तो टण् टण् आवाज. पाठीमागच्या भिंतीलगत काशाची १०८ भांडी ओळीने मांडलेली. २० बाटला चिल्लर नाण्यांची वाटी घ्यायची आणि एकेका भांड्यात एकेक टाकत जायचं. माझी नाणी नव्वदीच्या आसपास संपली. मागच्या एका थाई बाईने न बोलता तिच्या वाटीतली मूठभर माझ्या हातावर ठेवली.

डोंबिवलीकर

देवळांवर काकूंनंतर काय लिहिणार! मी बोटीबद्दल लिहितो. नदीतली मोठी बोट सगळे सांगतील, नारिंगी झेंड्याची, स्वस्त आणि छान. पण सेन सेप कालव्यातली बोट म्हणजे आपली आठ सत्तावन्नची फास्ट लोकल, फक्त पाण्यावर. मी फान फा धक्क्यावरून बसलो. बोट धक्क्याला लागते ना लागते तोच माणसं उडी मारून आत. दोरी ओढली की कडेचा प्लास्टिकचा पडदा वर येतो, कारण पाणी काळं आणि वासाचं, तोंडावर उडालं तर दिवस गेला. कंडक्टर डोक्याला हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या काठावरून सरकत पैसे घेतो. पूल आला की छप्पर खाली बसतं आणि तोही वाकतो. मी शेजारच्याकडे बघून नकळत थोडं सरकून घेतलं, त्यानेही अंग चोरलं. चौथी सीट जगभर असते.

प्रतुनामला उतरून एरावन चौकापर्यंत चालत जा. तिथे चक्क ब्रह्मदेवाची पूजा चालते, १९५६ पासून. हॉटेलच्या बांधकामात विघ्नं येत होती म्हणून बसवला. नवस फेडायला लोक पैसे देऊन नर्तकींचा नाच करवतात.

कोल्हापूरची, तरीही शाकाहारी

‘नो मीट’ म्हणू नका, मासळीचा सॉस त्यांच्या हिशेबी मीट नाही. ‘जे’ म्हणा, म्हणजे त्यांचं कडक शाकाहारी. पिवळ्या पताकेवर लाल अक्षर, आपल्याला इंग्रजी १७ सारखं दिसतं. त्यात कांदा-लसूणही नसतो. अंडं चालत असेल तर ‘मंगसविरत’, म्हणजे सरळ मांसविरती! अगदीच अडलं तर फाहुरातच्या गुरुद्वाऱ्यात लंगर आहे. मी तिथे डाळ-रोटी जेवले आणि कबूल करते, डोळे भरून आले. सकाळपासून नुसत्या आंब्यावर होते.

नागपूरकर

११ ते ३ बाहेर पडू नका. मी ४६ डिग्रीत वाढलोय, तरी तिथल्या घामाने हात टेकले. चार तास मॉलमध्ये बसून काढले, लाज नाही.

मडगावची

संध्याकाळी सहाला स्काय ट्रेनच्या स्टेशनात असाल तर घाबरू नका. माझ्या समोरचा मुलगा कॉफीचा कप तोंडाजवळ नेता नेता थबकला, मग अख्खं स्टेशन थबकलं. लाऊडस्पीकरवर राष्ट्रगीत. रोज सकाळी आठला आणि सहाला. संपलं की जणू काही झालंच नाही अशी परत धावाधाव.

धागाकर्ती

सगळ्यांना धन्यवाद. सकाळी साडेआठला राजवाडा, मग १०८ भांडी, दुपारी गारव्यात, संध्याकाळी कालव्यातली बोट. काकू, ओवरीतलं ते मारुतीचं चित्र नक्की शोधेन. विजार इथूनच घेऊन जाते, दुहेरी शिवणीची.

नाशिककर (निवृत्त)

हा धागा घरी वाचला गेलेला आहे. अंगठी कितीची होती, असा प्रश्न मागच्या तासाभरात तीनदा आलाय. आणि ‘घेतली का नाहीत’ असाही एकदा.