मदत हवी आहे: स्टेजवरची तीन गाणी, तिसऱ्यापाशी घोडं अडलंय

आधीच सांगते, 'हे काम कशाला करतेस' यावर बोलणारे घरीदारी भरपूर आहेत. इथे फक्त गाण्यांबद्दल विचारायचंय.

क्लबमध्ये एक्झॉटिक डान्सर म्हणून काम सुरू करून दीड महिना झाला. एका फेरीला तीन गाणी मिळतात. पहिल्यावर पूर्ण कपड्यांत स्टेजभर फिरायचं, पोलवर एकदोन गिरक्या. दुसऱ्यावर कपडे उतरायला लागतात. तिसरं बहुतेक फ्लोअरवर्क, म्हणजे जमिनीवर बसून-लोळून केलेला नाच. यादी आपणच डीजेला द्यायची, नाही दिली तर तो मनाला येईल ते लावतो.

पहिल्या आठवड्यात मी माझी लाडकी गाणी दिली आणि तिथेच फसले. एकाची सुरुवात ४० सेकंदांची, नुसते वाऱ्यासारखे आवाज, ठेका नाहीच. हेडफोनवर अंगावर काटा येतो. स्टेजवर मात्र मी पोल धरून उभी आणि पुढच्या टेबलावरचा माणूस मोबाइल बघायला लागला. दुसऱ्या दिवशी सगळी करामत शेवटच्या कडव्यासाठी राखून ठेवली, तर डीजेने तीन मिनिटांवर गाणं उतरवलं. मी पोलवर उलटी लटकलेली, आणि पुढच्या मुलीचं नाव पुकारून झालेलं!

तेव्हापासून मोजून निवडते. १५ सेकंदांतले ठोके, गुणिले चार. पहिलं गाणं १०० ते ११० बीपीएमचं (म्हणजे मिनिटाला तेवढे ठोके), दुसरं ९० च्या आसपास. त्याहून जलद घेतलं तर सात इंची टाचांवर माझं चालणं बस पकडायला निघाल्यासारखं दिसतं.

अडतंय तिसऱ्याला. ७० च्या गाण्यात आठ ठोक्यांना जवळजवळ सात सेकंद लागतात. माझी हालचाल चारात संपते, उरलेले तीन सेकंद काय करू? १२८ चं घेतलं तर तेच आठ ठोके पावणेचार सेकंदांत संपतात आणि फ्लोअरवर्कचा व्यायामाचा तास होतो. शिवाय मला पटलेलं एक संथ गाणं आमच्यातली एक जुनी मुलगी नेहमी वापरते. ते घ्यावं का?

प्रतिसाद: नऊ वर्षं हेच केलंय. बाई गं, हालचाल लवकर संपत नाही, तू ती लवकर उरकतेस. पाठीवरून कुशीवर वळायला अख्खे आठ ठोके घे. आधी खांदा, मग कंबर, गुडघा सगळ्यात शेवटी. एवढंच आठवडाभर घरी कर, गाण्याशिवाय, तोंडाने मोजत. गाणं ७०चंच ठेव, पण ज्यात वर हाय-हॅट (ड्रमसेटची झांज) दुप्पट वेगाने टिकटिकतोय असं शोध. अंग बेसवर सोडायचं, केस आणि हाताची बोटं त्या टिकटिकीवर. दहा सेकंदांत गायकाचा आवाज किंवा ठेका येत नसेल तर ते गाणं घरी ऐकायचं. आणि रडक्या ब्रेकअपच्या शब्दांपासून लांब राहा, समोर बसलेल्यांत एखादा त्याच दुःखात आलेला असतो.

प्रतिसाद: मी डीजे आहे. लांब सुरुवातीचं गाणंही चालतं, फक्त चिठ्ठीवर '०:४० पासून' असं लिहून द्या. किती मिनिटांवर कापणार हे फेरीआधी विचारा, आम्ही सांगतो. व्हिडिओवरून उतरवलेली फाइल आणू नका, मोठ्या स्पीकरवर चिखल होतो; ३२० केबीपीएसची, म्हणजे चांगल्या दर्जाची, आणा. फोनच्या स्पीकरवर गाणं पारखूही नका, खालचा बेस त्यात ऐकूच येत नाही आणि तुम्हाला नाचायचंय त्यावरच. बाकी १९६२ साली गाजलेली डेव्हिड रोझची 'द स्ट्रिपर' ही ट्रॉम्बोनवाली धून कुणी मागितली की मी ओळखतो, बाई नवीन आहे किंवा गंमत करतेय!

मूळ प्रश्नकर्ती: ताई, गुडघा शेवटी ठेवून बघितला. तीन सेकंद उरत नाहीत, उलट आता कमी पडतात. सरावाच्या पहिल्या दिवशी मोजता मोजता श्वास घ्यायलाच विसरले, ते वेगळं. गाण्याचं त्या जुन्या मुलीलाच सरळ विचारलं. आयशॅडो लावता लावता म्हणाली, 'शनिवारी माझं. बाकीचे दिवस तुझं.'