मदत हवी आहे : शेततळ्यातलं हिरवं शेवाळ आणि मेलेल्या दोन शेळ्या

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातला. केळीसाठी केलेल्या शेततळ्यावर दहा दिवसांपासून हिरवट साय धरली आहे, अगदी रंगाचा डबा सांडल्यासारखी. काठावर वास येतो. परवा तिथलं पाणी प्यायलेल्या दोन शेळ्या संध्याकाळपर्यंत गेल्या. आई म्हणते, "नजर लागनी." मला शंका शेवाळाची आहे.

कारण चिलीतल्या सेरो बॅयेना इथलं वाचलं होतं. रस्ता रुंद करताना 40 हून अधिक देवमाशांचे जीवाश्म निघाले, चार वेगवेगळ्या थरांत, बरेच पोट वर करून पडलेले. साधारण 60 ते 90 लाख वर्षांपूर्वीचे. विषारी शेवाळानं ते मेले असावेत, असा निष्कर्ष 2014 मध्ये मांडला गेला. तोही परिस्थितीवरूनच, हाडांत विष सापडून नव्हे. 2020 मध्ये बोत्सवानात साडेतीनशेच्या आसपास हत्ती मेले, तिथेही पाण्यातल्या नील-हरित शेवाळावर बोट ठेवलं गेलं.

आता माझं विचारणं : साधं शेवाळ आणि विषारी, डोळ्यांनी ओळखता येतं का? नमुना बाटलीत कसा भरायचा, जळगाव-धुळ्याकडे तपासणी कुठे होते? पाणी उकळून हे विष जात नाही म्हणतात, मग तळं उपसायचं का? तूर्तास म्हशींना बोअरचं पाणी पाजतोय.