मदत हवी आहे: लिंबाच्या वासाच्या निलगिरीचं तेल काढायचंय

वडिलांनी बांधावर लावलेली निलगिरीची अकरा झाडं आहेत. पान चुरगळलं की बामचा नाही, चक्क लिंबाचा वास येतो! शोधल्यावर कळलं, ही सिट्रिओडोरा. १९९५ साली शास्त्रज्ञांनी हिला युकॅलिप्टस, म्हणजे निलगिरीच्या वंशातून काढून कोरिंबिया नावाच्या वेगळ्या वंशात टाकलं (आम्ही निलगिरीच म्हणणार). हिच्या तेलात लिंबासारख्या वासाचं सिट्रोनेलाल भरपूर, वाफाऱ्याला लागणारं सिनिओल अगदी कमी. डास पळवणारं पीएमडीसुद्धा कच्च्या तेलात थोडंच असतं, ते पुढे प्रक्रियेने वाढवतात म्हणे.

शेजारच्या गावात गवती चहाचं तेल काढायची भट्टी आहे. तिथे हा पाला चालेल का? ताजा घालायचा की सावलीत सुकवून? आणि भट्टीला राहिलेला लिंबाचा वास गवती चहावाल्याला चालतो का, तेही सांगा. कुणी स्वतः काढलंय का?