कुळागरात न्यायला छोटा, दणकट ब्लूटूथ स्पीकर – कुठला घेऊ?

कुळागरातला
नमस्कार मंडळी. बाबांसाठी स्पीकर घ्यायचाय आणि आठ दिवस रिव्ह्यू बघून बघून डोकं आउट झालंय, म्हणून इथे विचारतोय. आमचं कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, गोव्यात सावईवेरेला. बाबा ६८ वर्षांचे, सकाळी चहा घेतला की आत शिरतात ते जेवायलाच बाहेर येतात, तीनला परत. इतकी वर्षं त्यांच्याकडे एक ट्रान्झिस्टर होता, जिथे काम असेल तिथल्या पोफळीला सुतळीने बांधायचा आणि पणजी आकाशवाणी लावायची. मागच्या पावसात तो गेला, उघडून बघितला तर सेलच्या जागेत मुंग्यांनी अंडी घातलेली.

मग मी माझा जुना मोबाईल दिला, नाट्यपदं आणि भजनं भरून. पण पंप चालू असला की मोबाईलचं काही ऐकू येत नाही, म्हणून बाबा एका हाताने तो कानाला धरतात आणि दुसऱ्या हाताने शिंपण करतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं म्हातारा तासभर फोनवर कुणाचं तरी ऐकून घेतोय.

काय पाहिजे ते सांगतो. खिशात किंवा कमरेला राहील एवढा छोटा, पाऊस चिखल चालला पाहिजे, वरून सुपारीचा शिपटा (घड) पडला तरी मरता कामा नये, बटणं चष्म्याशिवाय कळली पाहिजेत. धमधम बास अजिबात नको, शब्द ऐकू आले पाहिजेत. बजेट चार हजार, फार तर पाच. जेबीएल गो ४, सोनी एक्सबी१०० आणि ट्रिबिट स्टॉर्मबॉक्स मायक्रो २ अशी तीन नावं काढलीत. मित्र म्हणतो आयपी६७ लिहिलेलं बघ आणि डोळे झाकून घे. खरंच डोळे झाकून घेण्यासारखं असतं का ते?

मांद्रेचा_शॅकवाला
डोळे उघडे ठेव बाबा. आयपी६७ मधला ६ म्हणजे धूळ आत जात नाही आणि ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी पाणी आत जात नाही, इथपर्यंत ठीक. पण ही टेस्ट होते गोड्या पाण्यात, शांत पाण्यात, आणि नव्याकोऱ्या पीसवर. दोन वर्षं उन्हात तापलेला रबर तोच राहतो का? आणि आयपीएक्स७ लिहिलेलं असेल तर एक्सच्या जागी धुळीचा आकडाच दिलेला नाही, ते वेगळं बघून घे.

अजून एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. पाईपच्या जोराच्या धारेची टेस्ट वेगळी, ती ५ आणि ६ नंबरची. ७ मिळाला म्हणजे ५ आणि ६ त्यात आलेच असं नाही. बुडवणं वेगळं आणि अंगावर फवारा मारणं वेगळं. तुमच्या पंपाच्या पाईपचं तोंड थेट स्पीकरवर धरू नका म्हणजे झालं.

माझा पहिला स्पीकर (कंपनीचं नाव घेत नाही) पाण्यात दोनदा पडून जिवंत राहिला आणि मेला चार्जिंगने. समुद्रावरून आणला, पुसला, तसाच ओला चार्जरला लावला. महिन्याभरात पोर्टच्या आत हिरवं हिरवं जमलं, पिन वाकडी करून धरली तरच चार्ज व्हायचा, मग तोही बंद. सर्विस सेंटरवाला म्हणाला पाण्याने गेलाय, वॉरंटीत बसत नाही. मी म्हटलं डब्यावर वॉटरप्रूफ लिहिलंय, तर त्याने वॉरंटी कार्डाची मागची बाजू दाखवली, अक्षरं एवढी बारीक की वाचायला मोबाईलने फोटो काढून मोठा करावा लागला. आता माझा नियम आहे, खाऱ्या पाण्याहून आला की नळाखाली गोड्या पाण्याने धुवायचा, फडक्यावर उलटा ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी चार्ज. कुळागरात खारं पाणी नाही हे तुझं नशीब.

तानपुरा_अर्धवट
नाट्यसंगीत म्हटलंस म्हणून लिहितोय, नाहीतर मी फक्त वाचणारा माणूस.

छोट्या स्पीकरमध्ये बास नसतो याचं लोक फार दुःख करतात. बास म्हणजे हवा ढकलणं, आणि मुठीएवढ्या डब्यात दीड-पावणेदोन इंचाचा पडदा किती हवा ढकलणार. म्हणून बाजूला नाहीतर खाली ती हलणारी रबरी चकती देतात, पॅसिव्ह रेडिएटर म्हणतात तिला, तिला वायर नसते, आतल्या हवेच्या दाबाने हलते. पण तरी मर्यादा आहेच. काळी एकचा पुरुषी तानपुरा घे, मधल्या जोडीच्या तारा साधारण १३८ हर्ट्झ आणि खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९. हा ६९ तुझ्या यादीतला एकही स्पीकर धड वाजवणार नाही. गंमत अशी की तरीही खर्ज ऐकू येतो, कारण त्या तारेचे वरचे स्वर, १३८, २०७, २७६, हे सगळे वाजतात आणि आपला मेंदू खालचा गाळलेला स्वर स्वतःच भरून काढतो. मी स्वतः असल्या डबड्यावर तानपुरा लावून रियाज करतो, काही अडत नाही.

नाट्यपदाची तर सगळी मजा मधल्या पट्टीत असते. गळा, ऑर्गन, तबल्याची चाट. त्यामुळे बाबांना छोटा स्पीकर उलट बरा. फक्त ॲपमध्ये बास बूस्ट असेल तर बंद करून दे, नाहीतर शब्द गिळले जातात. आणि आवाज फुल करू नका. फुलवर गेलं की स्पीकर स्वतःला वाचवायला खालचे स्वर आपोआप कापतो आणि मग तो पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो, मग लोक म्हणतात क्वालिटी खराब.

वॉट बघून घेऊ नकोस. दुप्पट वॉट म्हणजे फक्त ३ डेसिबल जास्त, कानाला जेमतेम कळतं. पण अंतर दुप्पट झालं की उघड्यावर ६ डेसिबल जातात, आवाज परतवायला भिंती नाहीत ना. म्हणजे जास्त वॉटचा घेऊन लांब ठेवण्यापेक्षा कमी वॉटचा जवळ टांगणं शहाणपणाचं. जमिनीवर पाचोळ्यात ठेवू नका, कानाच्या उंचीवर टांगा.

(तबल्याबरोबर लाइव्ह काही करायचं असेल तर ब्लूटूथ विसरा, आवाज थोडा मागाहून येतो, सम चुकते. पण तो वेगळा विषय.)

रिकामटेकडो
कारवां घेऊन दे रे, मराठी गाणी भरलेलीच येतात, मोबाईलची कटकट नाही.

कुळागरातला
@रिकामटेकडो कारवां घरात आहे की. आईची आहे, हॉलमध्ये, वर विणलेला रुमाल घालून ठेवलेली. ती कुळागरात नेली तर बाबांना जेवण मिळणार नाही. शिवाय ती पाण्याची नव्हे.

@तानपुरा देव बरें करूं, हे कुठल्याच रिव्ह्यूत नव्हतं. एक विचारतो, मेमरी कार्ड किंवा रेडिओवाला दणकट स्पीकर मिळत नाही का? मोबाईलच मधून काढला तर बरं.

बाय_डिचोली
मिळतात, पण कार्डाचा खाच आणि एफएम असलेले बहुतेक स्वस्तातले असतात आणि त्यांच्यावर वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी रबराचं झाकण दोनदा उघडलं की सैल होतं. चांगल्या आयपी६७ वाल्यांत हल्ली खाचच ठेवत नाहीत, एक चार्जिंगचं भोक सोडून सगळं बंद. आणि तुझे बाबा ट्रान्झिस्टरवर ऐकायचे ते मीडियम वेव्ह असणार, स्पीकरमध्ये असतो तो एफएम, त्यावर ते लागणार नाही. आकाशवाणी हवीच असेल तर न्यूजऑनएअर ॲप आहे, त्यावर सगळी केंद्रं मिळतात, पण त्याला नेट लागतं आणि कुळागर खोलगट असेल तर रेंजचा आनंदच. आमच्याकडे विहिरीच्या कठड्यावर उभं राहिलं तरच एक दांडी येते. तेव्हा गाणी मोबाईलमध्ये भरून दिलीस तेच बरोबर केलंस.

आमच्या मामंजींना तीन वर्षांपूर्वी असाच स्पीकर दिला म्हणून दोन-तीन गोष्टी अनुभवाच्या सांगते. त्यांनी मोबाईल पंपाच्या खोपीत ठेवला आणि स्पीकर घेऊन गेले दुसऱ्या टोकाला, मग तुटक तुटक, आणि घरी येऊन म्हणाले वस्तू फालतू आहे. ब्लूटूथ साधारण दहा मीटरचं धरून चाल, मधे ओली झाडं आणि माणसाचं अंग आलं की त्याहून कमी, पाणी ती लहर शोषून घेतं. मोबाईल शर्टाच्या वरच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत आणि स्पीकर त्याच अंगाला कमरेला, तेव्हापासून तक्रार नाही.

दुसरं, बोर्डो. हे कुठल्याही डब्यावर लिहिलेलं नसतं. पावसाच्या तोंडावर सुपारीच्या कोळेरोगासाठी बोर्डो मारायला गडी वर चढतात तेव्हा खाली सगळं निळं होतं, आमचा स्पीकर खालीच टांगलेला. मोरचूद आणि चुना, जाळीत जाऊन बसला तो निघेना. मी जुन्या टूथब्रशने आणि साध्या पाण्याने तासभर घासला, तरी एका कोपऱ्याला अजून निळसर झाक आहे आणि कडीचा लोखंडी भाग गंजला तो गंजलाच. आयपीचा आकडा पाण्याचा आणि धुळीचा, औषधाचा नव्हे. त्या दिवशी स्पीकर घरी ठेवा.

तिसरं, खोपीवर पत्रे असतील तर मे महिन्यात तिथे ठेवून येऊ नका. लिथियम बॅटरीला उष्णता सगळ्यात वाईट. आणि काही दिवस वापरणार नसाल तर अर्धी चार्ज करून ठेवा.

जाता जाता, मामंजींना वाटलं होतं गाण्याने माकडं पळतील. चार दिवस पळाली. पाचव्या दिवशी स्पीकरच्या शेजारी बसून केळी खात होती.

मांद्रेचा_शॅकवाला
😂 माकडांना नाट्यसंगीत आवडलं म्हणायचं

गॅजेटवालो_मडगांव
सरळ यादीवर येतो. तिन्ही आयपी६७, तिन्ही टाईप-सी. गो ४ सगळ्यात छोटा, १९० ग्रॅम, पण बॅटरी कंपनीच्याच हिशेबाने ७ तास, आणि कंपनीचे तास मध्यम आवाजावरचे असतात, पंपाच्या शेजारी चारपाच समज. मायक्रो २ चा आवाज तिघांत मोठा, १० वॉट, १२ तास, मागे रबरी पट्टा आहे तो सायकलला नाहीतर पिशवीच्या बंदाला अडकतो, पण जाड पोफळीला बसणार नाही. एक्सबी१०० ला १६ तास, २७४ ग्रॅम, उभा डबा, वर टांगायचा पट्टा. तुझे बाबा सकाळी तीनचार तास आणि दुपारी तीनचार तास धरले तर मी एक्सबी१०० म्हणेन, एक दिवस चार्ज करायला विसरले तरी चालेल. म्हाताऱ्या माणसाला रोज चार्ज करायची वस्तू देऊ नये, चार्ज करणारे शेवटी आपणच.

वंडरबूम ३ पाण्यावर तरंगतो, विहिरीत पडला तरी वर दिसेल, पण तो तुझ्या बजेटमध्ये बसणं कठीण आणि त्याला अजून जुनी मायक्रो यूएसबी आहे. जेबीएलच्याच क्लिप ५ ला कडी चांगली, कमरपट्ट्याला मस्त अडकते, १२ तास, सेल लागला तर बघ.

दुकानात जाऊन घे आणि बाबांना घेऊन जा. बटणं काळ्यावर काळी असतात सगळ्यांची, बोटाने चाचपून कळतात का ते त्यांनाच बघू दे. रस्त्यावर हजारात मिळतात ते जेबीएल नाव असलेले घेऊ नको, डबा सेम, आत दुसरंच.

कुळागरातला
उशिरा अपडेट देतोय, सॉरी. एक्सबी१०० घेतला. दुकानात बाबांनी तिन्ही हातात घेतले, डोळे मिटून बटणं दाबली, गो ४ बद्दल म्हणाले हा खिशातून कधी पडला कळणार पण नाही. दुकानदाराने दाखवायला धमधम गाणं लावलं तर म्हणाले ते राहू दे, भजन आहे का.

महिना झाला. चिखलात दोनदा पडला, पाटात धुतला, चालतोय. चार्ज आठवड्यातून तीनदा करतो मी, पोर्ट कोरडं बघून. पट्टा आहे त्याला तरी बाबांनी सुतळीच बांधलीय, जुनी ट्रान्झिस्टरचीच. एक गोष्ट मात्र कुणीच सांगितली नव्हती, मोबाईल जोडलेला असल्यामुळे फोन आला की रिंग स्पीकरवर वाजते. आई दुपारी जेवायला बोलवायला फोन करते, तेव्हा पद मधेच थांबतं, अख्ख्या कुळागरात ट्रिंग ट्रिंग होतं, आणि बाबा फोन न उचलता तिथूनच ओरडतात, आयलों गो.