शब्दचर्चा : ‘परीक्षा’ की ‘मोह’?

प्रश्न : येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत आपण ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस’ म्हणतो. चर्चच्या तरुण संघापुढे ‘जगातले मोह आणि देवाशी जवळीक’ यावर बोलायचं आहे. ‘परीक्षा’ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे दहावीचा बोर्ड येतो. तिथे सरळ ‘मोह’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर : मूळ ग्रीक शब्द ‘पेइरास्मॉस’. पारख आणि भुलावण हे दोन्ही अर्थ त्यात आहेत. मराठीत दोन शब्द असल्यामुळे आपल्याला निवड करावी लागते. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय काढा. बाराव्या ओवीत परीक्षेत टिकणारा धन्य, आणि लगेच तेराव्यात ‘कोणाची परीक्षा होत असता, देवाने मला मोहात घातले असे त्याने म्हणू नये’. एकाच वाक्यात परीक्षा आणि मोह, ग्रीकमध्ये मात्र धातू एकच. भाषांतरकारांनी इथे फार विचार केलेला दिसतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात तर सैतानालाच ‘परीक्षक’ म्हटलंय, म्हणजे तुमच्या मुलांचा बोर्ड अगदीच चुकीचा नाही!

दुसरं उत्तर : मी ‘मोह’च म्हणेन. चौदावी ओवी बघा : माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो, भुलवला जातो. ‘भुलवणे’साठीचं ग्रीक क्रियापद आमिष या शब्दावरून आलंय. गळ टाकणारा बाहेर असला तरी भूक माशाचीच.

त्यावर : पण मग गेथशेमाने? अटकेच्या रात्री येशू तिथे शिष्यांना म्हणतो, ‘तुम्ही परीक्षेत पडू नये म्हणून जागृत राहा व प्रार्थना करा.’ तिथे शिष्यांना कसला मोह होता? पैसा नाही, मान नाही. झोप आणि भीती, बस्स. ‘मोह’ म्हटलं की मुलं मोबाइल, पार्ट्या, पैसा एवढ्यावरच थांबतील. नोकरी गेली, घरात आजारपण आलं आणि प्रार्थना बंद पडली, हेही त्याच शब्दात येतं, आणि माझ्या पाहण्यात माणसं यानेच जास्त दुरावतात.

प्रश्नकर्ती : हे पटलं. देवाशी जोडलेलं राहणं सांगताना हेच ‘जागृत राहा’ आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातलं ‘माझ्यामध्ये राहा’ एकत्र घेऊ का? दोन्हीकडे ‘राहा’ आहे.

उत्तर : मराठीत जुळतं, ग्रीकमध्ये नाही. पहिल्यात जागं असण्याचं क्रियापद आहे. दुसऱ्यात ‘मेनो’ : वस्तीला असणे, टिकून असणे. येशू तिथे स्वतःला वेल आणि शिष्यांना फाटे, म्हणजे फांद्या, म्हणतो; फाट्याने वेलात राहायचं ते या अर्थाने. अर्थाच्या अंगाने जोडा हवं तर, शब्दाच्या आधाराने नको.

आणखी एक : मूळ प्रश्नाकडे येतो. हा घोळ फक्त मराठीचा नाही. देव कसा मोहात नेईल, या शंकेपायी फ्रेंच कॅथलिकांनी २०१७ मध्ये आणि इटालियनांनी २०२० मध्ये उपासनेतली ही ओळ बदलली. आता तिथे ‘आम्हांला मोहात शिरू देऊ नकोस’, ‘मोहाच्या हाती सोडू नकोस’ अशा अर्थाचे शब्द आहेत. तरी प्रार्थना म्हणताना मंडळीच्या तोंडी जी ओळ बसलीय तीच ठेवा. मुलांना समजावताना दोन्ही शब्द वापरा, आणि वाचन म्हणून याकोब १ : १२ ते १५ सलग द्या. तेराव्याशी थांबू नका, नाहीतर दोष कोणाचा नाही एवढंच कळेल, कोणाचा ते राहून जाईल.