महारेरा क्रमांक आणि मोठे नाव, एवढ्यावर घर घ्यायचे का?

गोदाकाठ

"बिल्डर नावाजलेला असावा, प्रकल्पाला महारेरा क्रमांक असावा, याउपर चौकशी करत बसणारे लोक आयुष्यभर भाड्याच्या घरात राहतात." परवा या चर्चामंचावर हे विधान वाचले, त्याखाली अनेकांनी भरलेला होकारही वाचला, आणि उत्तर दिल्यावाचून राहवेना. माझा धाकटा भाऊ येत्या रविवारी बुकिंगची रक्कम देणार आहे आणि त्याने हेच विधान मला वाचून दाखवले, हेही एक कारण आहे.

मी 2017 मध्ये याच दोन गोष्टी पाहून नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ सर्वांत वरच्या मजल्यावर सदनिका घेतली. नाव शहरभर फलकांवर होते, क्रमांक होता, बँकेने कर्जही लगेच मंजूर केले. 2019 च्या जूनमध्ये ताबा मिळाला आणि ऑगस्टमध्ये पश्चिमेच्या भिंतीला ओल आली. त्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला होता, त्यामुळे "यंदा पाऊसच तसा आहे" हे उत्तर मी मान्य केले. पुढच्या वर्षी ते कारण उरले नाही, ओल मात्र उरली. माणसे आली, गच्चीवर दोनदा लेप देऊन गेली, आणि तिसऱ्या वेळी फोन उचलणे बंद झाले. सोसायटी आम्ही रहिवाशांनीच धावपळ करून नोंदवली. जमिनीचे कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचे हस्तांतरण, आजही आमच्या नावे झालेले नाही.

महारेरा क्रमांक म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडील प्रकल्पाची नोंदणी, बांधकामाच्या दर्जाचा दाखला नव्हे. संकेतस्थळावरील बहुतेक माहिती बिल्डरनेच भरलेली असते. ग्राहकांच्या पैशांपैकी 70 टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते, मुदत चुकली तर व्याज मागता येते, हे लाभ मी नाकारत नाही. परंतु स्लॅबवर पाणी किती दिवस धरले, हे तो क्रमांक सांगत नाही. शिवाय ज्यांना तो आधार वाटतो, त्यांतले किती जण पूर्णत्वाची मूळ तारीख आणि वाढवून घेतलेली तारीख शेजारी ठेवून वाचतात?

माझे म्हणणे असे की, बिल्डर ओळखायचा तो त्याच्या सहा-सात वर्षे जुन्या इमारतीत, भर पावसाळ्यात, सर्वांत वरच्या मजल्यावरच्या घरात. तिथे राहणाऱ्यांना विचारावे की गळते का, कन्व्हेयन्स झाले का, आणि शेवटचा धनादेश दिल्यानंतर हा माणूस तुमचा फोन उचलतो का. बिल्डरला ज्या दिवसापासून तुमच्याकडून काही मिळायचे उरत नाही, त्या दिवसापासूनचे त्याचे वागणे हाच त्याचा खरा परिचय आहे, आणि तो विक्री कार्यालयात बसून कधीही मिळत नाही.

जुना अभियंता

आपल्या त्रासाबद्दल सहानुभूती आहे, परंतु निष्कर्ष मान्य नाही. एकतीस वर्षे मी साइटवर काढली. बिल्डर तोच असला तरी ठेकेदार, सेंट्रिंगवाला, गिलाव्याचा मिस्त्री आणि सुपरवायझर प्रकल्पागणिक बदलतात. सात वर्षांपूर्वीची इमारत तुम्हाला सात वर्षांपूर्वीच्या ठेकेदाराची ओळख करून देते. आज तुम्ही घेणार ती इमारत कोण बांधतो आहे, हे तिथले रहिवासी कसे सांगणार?

पाहायचे असेल तर सांगाडा उघडा असताना पाहावे. शटरिंग काढल्यावर कॉलमच्या तळाशी हनीकोंब, म्हणजे काँक्रीटमधली पोकळ छिद्रे, दिसतात का, सळई काँक्रीटच्या आत राहावी म्हणून तिच्याखाली कव्हर ब्लॉक ठेवले आहेत का, वीट किंवा ब्लॉकची भिंत आणि बीम यांच्या सांध्यावर गिलाव्यापूर्वी जाळी मारली आहे का, एवढे सामान्य माणसालाही दिसते. आणि पाणी मारणे! आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान 7 दिवस आणि उष्ण, कोरड्या हवेत किमान 10 दिवस ओलावा टिकवायचा असतो. नाशिकच्या मे महिन्यात, टँकरचे पाणी विकत घेऊन, हे नेमाने करणारी साइट मला फार थोडी दिसली. भिंतींना गोणपाट गुंडाळून दिवसातून तीनदा पाणी मारणारा माणूस ज्या साइटवर आहे, तिथे मी डोळे झाकून घर घेईन, बिल्डरचे नाव कोणी ऐकलेले नसले तरी.

शेतमळ्यांच्या काळ्या जमिनीवर इमारत असेल तर पायाचे खोदकाम मुरमापर्यंत गेले आहे का आणि माती परीक्षणाचा अहवाल आहे का, हेही मागावे. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी माती मोठ्या नावाला घाबरत नाही. आपल्या ओळखीचा एखादा स्थापत्य अभियंता मानधन देऊन दोन वेळा साइटवर न्या. आयुष्यभराच्या कर्जापुढे तो खर्च नगण्य आहे.

म्हसरूळची रहिवासी

काका, आपले ज्ञान मोठे आहे, पण आपण साइटवर आतून गेलात आणि आम्ही बाहेरून जातो, हे आपण विसरता. आम्हाला सुरक्षेचे कारण सांगून सॅम्पल फ्लॅटच्या पुढे पाऊल टाकू देत नाहीत. माझे पती अंबडच्या कारखान्यात पाळीत काम करतात. रविवारी दोन तास मिळतात, त्यात कव्हर ब्लॉक कोण दाखवणार? मूळ लेखकांनी सांगितलेली जुन्या इमारतीत जाऊन विचारण्याची गोष्ट निदान आम्हाला जमण्यासारखी आहे.

आम्ही 2015 मध्ये एका लहान बिल्डरकडून घर घेतले. कॉलम, भिंती, गच्ची, सारे उत्तम आहे. आजवर थेंब गळलेला नाही. तरीही आम्ही चार वर्षे झोपलो नाही, कारण खोलीत मिसळलेल्या कपाटांच्या जागेच्या वादात आमच्या इमारतीचा पूर्णत्वाचा दाखला, म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्याचे महापालिकेचे प्रमाणपत्र, अडकला आणि आम्ही त्याआधीच राहायला गेलो होतो. बांधकाम चांगले असूनही बिल्डरला पारखण्यात चूक होऊ शकते, ती अशी.

नाशिकरोडचा वकील

ताई, स्पष्ट लिहितो. दाखल्याशिवाय ताबा घेणे ही आपलीच चूक होती. 1963 च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या सदनिका मालकी कायद्याच्या कलम 3 मध्ये दाखला मिळण्यापूर्वी बिल्डरने ताबा देऊ नये असे आहेच, आणि कोणीही ताबा घेऊ नये असेही त्याच वाक्यात आहे. लोक किल्ली मिळाल्याच्या आनंदात "माझी काहीही तक्रार नाही" असे छापलेल्या ताबा पावतीवर सही करतात आणि वर्षभराने ती पावती घेऊन माझ्याकडे येतात. मी दर आठवड्याला हेच पाहतो. कायदा शिकलेल्या माणसांनाही वाचायचा नसेल, तर तो कोणाचे रक्षण करणार?

म्हसरूळची रहिवासी

वकीलसाहेब, आपण कलम सांगितलेत, आता माझे गणित ऐका. घरभाडे साडेआठ हजार, कर्जाचा हप्ता एकोणीस हजार, आणि पतींचा हातात येणारा पगार चौतीस हजार. बिल्डर म्हणाला, "दाखला महिन्याभरात येतो, तुम्ही सामान आणून टाका." घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली होती, मुलीची शाळा जूनमध्ये सुरू होणार होती. आपण त्या जागी असता तर कलम 3 वाचत रस्त्यावर थांबला असता काय?

आणि नकाशा आम्ही काढला नव्हता. चटईक्षेत्राबाहेर, म्हणजे मंजूर बांधकामात न मोजली जाणारी, कपाट म्हणून दाखवलेली जागा खोलीत मिसळली, ती बिल्डरने. ते बांधकाम चालू असताना पाहायचे, ते महापालिकेने पाहिले नाही. दाखला अडकला तो मात्र आमचा. 2019 मध्ये तो हाती पडेपर्यंत इमारतीत कोणालाही घर विकता आले नाही, कारण घेणाऱ्याला बँक कर्ज देईना. शेजारच्या आजोबांना शस्त्रक्रियेसाठी घर विकायचे होते. त्यांना ते विकता आले नाही. यापुढे मला कोणी "आपलीच चूक" म्हणू नये.

इंदिरानगरकर

ताईंशी शंभर टक्के सहमत. एकेका इमारतीत वीस-वीस घरांची कपाटे एका दिवसात उभी राहत नाहीत. जोत्यापर्यंत काम आले की तपासणीची तरतूद असते. त्यानंतरही अधिकाऱ्यांना साइटवर जाता येते. सारे बांधून, विकून, माणसे राहायला आल्यावर नियम आठवणे हा प्रामाणिक नागरिकांचा छळ होता. पुराचे पाणी कुठवर येते ते दाखवणाऱ्या पूररेषेचेही तसेच. नासर्डी नदीच्या काठाला निळ्या पूररेषेलगत माझ्या मेहुण्याने घर घेतले, तेव्हा ना बिल्डरने सांगितले ना दलालाने. पावसाळ्यात वाहनतळात पाणी आले तेव्हा कळले.

बांधकाम व्यवसायातील एक

इतका वेळ वाचत होतो, आता लिहिणे भाग आहे. मी लहान बिल्डर आहे. ज्या वर्षांत कपाटे मिसळून खोली मोठी दाखवली जात होती, त्या वर्षांत मी मंजूर नकाशाप्रमाणे बांधले. ग्राहक यायचे, टेप लावायचे, आणि "पलीकडच्या गल्लीत याच पैशांत दीड फूट खोली जास्त मिळते" असे सांगून निघून जायचे. माझी दोन घरे दीड वर्ष पडून राहिली आणि व्याज मी भरले. मंजूर नकाशा दाखवा, असे त्या दीड वर्षात एकाही ग्राहकाने म्हटले नाही. आजही कार्पेटचा, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेचा, भाव सांगितला की लोक महाग म्हणतात आणि सेलेबलचा, म्हणजे सामाईक जागा धरून फुगवलेल्या क्षेत्राचा, भाव सांगणाऱ्याकडे जातात. आम्हाला पारखण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, पण आपण काय पाहून निवडता, त्यावरच आम्ही काय बांधतो हे ठरते.

म्हसरूळची रहिवासी

आपण नियमाने बांधलेत याचा आदर आहे. पण मंजूर नकाशा मागायचा असतो, हे 2015 मध्ये मला कोणी सांगितले असते तर मी मागितला असता. जे आपल्याला ठाऊक होते, ते आपणच त्या ग्राहकांना सांगायला हवे होते.

बांधकाम व्यवसायातील एक

हे मान्य करावे लागेल. शेजारच्या व्यावसायिकाविरुद्ध बोलायला नको म्हणून मी गप्प राहिलो.

नाशिकरोडचा वकील

माझे शब्द कठोर होते, ते मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही. आपल्यासारख्यांची अडचण खरी आहे म्हणूनच सांगतो की, ताबा घेण्याची वेळ येईपर्यंत थांबू नये. करार नोंदवण्याआधी 10 टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही, तेव्हा जी काही विचारणा करायची ती या टप्प्यावर करावी, कारण तेव्हाच आपल्या हातात काही असते. मूळ लेखकांनाही विचारतो: ओल 2019 ची, म्हणजे ताब्यापासून 5 वर्षांच्या आतली. रेराच्या, म्हणजे 2016 च्या केंद्रीय स्थावर संपदा कायद्याच्या, कलम 14 प्रमाणे दोष कळवल्यावर 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्ती करून देणे बंधनकारक असते. आपण लेखी कळवले होते का?

गोदाकाठ

पहिली दोन वर्षे फक्त फोन केले. लेखी पत्र 2022 मध्ये दिले, त्याला उत्तर आले नाही, आणि त्यापुढे मी गेलो नाही. ही माझी कसूर आहे.

पण कपाटांच्या या सगळ्या चर्चेतून मला माझ्या प्रश्नांच्या यादीतली उणीव कळली. जुन्या इमारतीत जाऊन मी गळतीचे विचारत होतो. लोक राहायला कोणत्या महिन्यात आले आणि दाखल्यावर तारीख कोणती आहे, हे विचारत नव्हतो. ज्या बिल्डरने एका इमारतीत माणसे दाखल्याआधी आत घातली, तो पुढच्या इमारतीतही अडचणीत सापडलेल्या माणसाला तोच सल्ला देईल. अभियंता महोदय, ठेकेदार बदलतो हे खरे, पण हा निर्णय ठेकेदार घेत नाही.

जुना अभियंता

नाही, तो ठेकेदार घेत नाही. तारखांमधली ही तफावत साइटवर कितीही हातोडा मारून मला सापडली नसती, एवढे कबूल करतो. तथापि वरच्या मजल्यावरच्या चार घरांना विचारून बांधकामाचा दर्जा कळतो, हे मी अजूनही मानत नाही. ज्यांचे घर गळते, ते विकायची इच्छा असल्यास सांगतही नाहीत.

आपल्या भावाचा प्रकल्प कोणत्या टप्प्यावर आहे?

गोदाकाठ

चौथा स्लॅब झाला आहे, विटकाम सुरू झालेले नाही. मखमलाबाद परिसरात आहे, जमीन पूर्वी द्राक्षबागेची होती. रविवारची बुकिंगची रक्कम त्याला थांबवायला सांगितली आहे. मंजूर नकाशा आणि माती परीक्षणाचा अहवाल मागितला, तेव्हा विक्री कार्यालयाने "सोमवारी पाहू" असे सांगितले. त्याच बिल्डरची 2018 ची एक इमारत हिरावाडीत आहे. तिथल्या सचिवांशी बोलणे झाले असून शनिवारी संध्याकाळी ते दाखल्याची प्रत दाखवणार आहेत.

जुना अभियंता

रविवारी सकाळी आठ वाजता साइटच्या फाटकापाशी येतो. आत सोडले नाही, तर रस्त्यावरूनही चौथ्या स्लॅबवर पाण्याचे आळे बांधले आहे का, ते दिसेल. हिरावाडीतल्या दाखल्याची तारीख तेवढी सोबत घेऊन या.