मदत हवी आहे: लिनक्सवर मेमरी भरत जाते आणि मशीन गोठतं

अक्षरमाला
लवकर मदत करा. सकाळी मशीन सुरू केलं की सगळं छान चालतं. दुपारपर्यंत मेमरी भरत जाते, मग स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) भरतो, शेवटी माऊससुद्धा हलत नाही. सगळे प्रोग्रॅम बंद केले तरी मेमरी परत मिळत नाही. मोठ्या चित्रांच्या पानांवर झूम केलं की जास्तच वेगाने भरते, म्हणून ग्राफिक्स ड्रायव्हरची गळती असावी, म्हणजे घेतलेली मेमरी तो परत सोडत नसावा, असं वाटतंय. दिवाळी अंकाची पानं लावतेय, सोमवारी फाइल छापखान्यात द्यायची आहे. विंडोज टाका असं कृपया सांगू नका.

रानवाटा
कोणतं लिनक्स, कोणती आवृत्ती? डेस्कटॉप सिनॅमन, ग्नोम की केडीई? ग्राफिक्स वेगळं कार्ड की प्रोसेसरमधलंच? स्क्रीनवर चित्र दाखवणारी यंत्रणा एक्सऑर्ग की वेलँड? मेमरी किती? यातलं काहीच लिहिलं नाहीत, मग सांगायचं काय?

पेंग्विनकाका
ही गळती नव्हे. लिनक्स रिकामी मेमरी फाइलींच्या कॅशसाठी, म्हणजे वाचलेल्या फाइली हाताशी ठेवायला, वापरतं आणि गरज पडली की सोडतं. 'फ्री' कमांड चालवा आणि 'अव्हेलेबल' हा रकाना बघा, 'फ्री' हा नाही. दर महिन्याला कोणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं.

अक्षरमाला
काका, अव्हेलेबल ७०० एमबी दाखवतंय आणि स्वॅप पूर्ण भरलाय. कॅश असती तर मशीन गोठलं असतं का?
मिंट २२, सिनॅमन, १६ जीबी. ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, लगेच त्यावरूनच वाद सुरू होतात. रानवाटा, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

बाइटभाकरी
झेडरॅम लावा. फेडोरात ३३ व्या आवृत्तीपासून ते मुळातच चालू असतं. मेमरीतला मजकूर दाबून ठेवला जातो, १६ जीबीत बरंच जास्त मावतं. माझ्या जुन्या लॅपटॉपला त्यानेच जीवदान मिळालं.

रानवाटा
बाइटभाकरी, गळती असेल तर झेडरॅमने मशीन दुपारऐवजी संध्याकाळी गोठेल, एवढाच फरक.
अक्षरमाला, मशीन भरलं की या गोष्टी बघून आकडे द्या:
'टॉप'मध्ये मेमरीनुसार क्रम लावा आणि वरच्या प्रोग्रॅमांची बेरीज करा.
'मेमइन्फो' फाइलमधल्या 'श्मेम' (सामायिक मेमरी) आणि 'एसअनरिक्लेम' (कर्नलने स्वतःसाठी घेतलेली, सोडता न येणारी मेमरी) या दोन ओळी. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा.
'डीएफ' लावून टीएमपीएफएसमध्ये (डिस्कऐवजी मेमरीत राहणाऱ्या फोल्डरांत) मोठ्या फाइली पडल्यात का, तेही बघा. त्यांची मेमरीसुद्धा श्मेममध्येच मोजली जाते.

सह्याद्रीपुत्र
सिनॅमनच्या सेटिंगमध्ये मेमरीची मर्यादा घालता येते. मिंट २०.२ मध्ये आली ती सोय. मर्यादा ओलांडली की सिनॅमन आपोआप पुन्हा सुरू होतं, उघड्या खिडक्या तशाच राहतात. ४ जीबी घाला आणि कामाला लागा.

पेंग्विनकाका
किंवा कर्नल बदला. मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेन्यूत जुना कर्नल असतोच, तो निवडा. मी कायम एक जुना ठेवतो.

हिरवाचाफा
ताई, पानं स्क्रायबसमध्ये (पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये) लावताय का? त्यात मराठी जोडाक्षरं नीट येतात? आमच्या मंडळाचा अंक अजून जुन्या फाँटमध्ये निघतो, युनिकोडवर जायचं आहे.

अक्षरमाला
मर्यादा घातली, सिनॅमन पुन्हा सुरू झालं, मेमरी होती तितकीच राहिली. जुन्या कर्नलवरही तेच.
टॉपमधली बेरीज ३ जीबीच्या आसपास. श्मेम ११ जीबी! एसअनरिक्लेम ३०० एमबी. टीएमपीएफएस जवळजवळ रिकामं. ११ जीबी कोण खातंय? टॉपमध्ये तर काहीच दिसत नाही.

रानवाटा
आता धागा सापडायला लागला. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते तुमच्याच १६ जीबीतून घेतं. चित्रांचे बफर, म्हणजे चित्रांसाठी घेतलेले मेमरीचे तुकडे, कर्नल सामायिक मेमरीत ठेवतो. ते बऱ्याचदा कुठल्याच प्रोग्रॅमच्या नावावर टॉपमध्ये दिसत नाहीत, पण श्मेममध्ये मोजले जातात. ते स्वॅपमध्येही जातात, म्हणून तुमचा स्वॅप भरतो. एसअनरिक्लेम कमी आहे, म्हणजे कर्नलच्या स्वतःच्या लहान वस्तू वाढलेल्या नाहीत.
पुढची चाचणी: मशीन बंद न करता फक्त लॉगआउट करून परत लॉगिन करा. श्मेम खाली येतं का? आणि त्याआधी 'एक्सरेस्टॉप' चालवून बघा. कोणत्या प्रोग्रॅमने एक्स सर्व्हरकडे (म्हणजे एक्सऑर्गकडे) किती पिक्समॅप, म्हणजे साठवलेली चित्रं, मागितले आहेत ते त्यात कळतं.

सह्याद्रीपुत्र
सिनॅमनच असणार. ग्नोम शेलची २०१८ ची गळती आठवते ना? शेलमधल्या जावास्क्रिप्टच्या नको झालेल्या वस्तू वेळेवर साफ होत नव्हत्या. सिनॅमनही जावास्क्रिप्टवरच चालतं.

रानवाटा
ती गळती शेलच्या नावावर टॉपमध्ये दिसायची. इथे सिनॅमन नव्याने सुरू केलं तरी काही सुटलं नाही. जुनी गोष्ट नव्या मशीनला चिकटवू नका.

सह्याद्रीपुत्र
मी चिकटवत नाहीये, शक्यता सांगतोय. शक्यता सांगायचीच नाही का?

अक्षरमाला
भांडू नका हो, माझी अजून बरीच पानं बाकी आहेत.
एक्सरेस्टॉपमध्ये सगळे मिळून ४०० एमबीसुद्धा नाहीत. लॉगआउट केल्यावर श्मेम एकदम ११ जीबीवरून काही शे एमबीवर आलं.

रानवाटा
मग उत्तर हातात आहे. लॉगआउटने मेमरी सुटली, म्हणजे कर्नलने हरवलेली नव्हती, कोणीतरी धरून ठेवली होती. प्रोग्रॅमांनी मागितलेले पिक्समॅप फक्त ४०० एमबी. उरलेलं एक्स सर्व्हर स्वतः धरून बसलाय, म्हणजे त्यातला ड्रायव्हर. एक्सऑर्गच्या लॉगमध्ये कोणता ड्रायव्हर चढलाय? 'मोडसेटिंग' हा सर्वसाधारण ड्रायव्हर की कंपनीच्या नावाचा?

अक्षरमाला
मोडसेटिंग नाही, कंपनीच्या नावाचा आहे. मशीन आधी दुसऱ्या कोणाकडे होतं, त्यांनीच लिनक्स टाकून दिलं होतं. एक्सऑर्गच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये '२०' ने सुरू होणारी एक फाइल आहे, त्यात 'टिअरफ्री' चालू केलेलं आहे.

रानवाटा
तीच ती. स्क्रोल करताना चित्र फाटू नये म्हणून हा उपाय पूर्वी सर्रास सांगत. डेबियन आणि उबुंटूने या जातीच्या नव्या चिपसाठी २०१६ मध्येच मोडसेटिंग आपोआप निवडला जाणारा ड्रायव्हर केला. फाइल फोल्डरमधून बाहेर हलवा, पुसू नका, आणि लॉगआउट करा. एक्सऑर्ग आपणहून मोडसेटिंग घेईल. स्क्रीन काळी राहिली तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने टर्मिनलवर जा आणि फाइल परत ठेवा.

हिरवाचाफा
स्क्रायबसचं कोणी सांगेल का?

बाइटभाकरी
येतात जोडाक्षरं. १.५.३ पासून हार्फबझ (जोडाक्षरं जुळवणारी प्रणाली) आलं आणि १.६ ही त्यानंतरची स्थिर आवृत्ती. जुनी १.४ घेऊ नका, त्यात मराठीचे हाल होतात.

अक्षरमाला
फाइल हलवली. सकाळपासून तीच जड पानं उघडी आहेत, सारखं झूम चाललंय, श्मेम ६०० एमबीच्या आसपासच आहे. स्वॅप शून्य. रानवाटा, मनापासून आभार, अंक वाचला.
एकच तक्रार: व्हिडिओ पूर्ण स्क्रीनवर लावला की आडवी रेघ दिसते.

सह्याद्रीपुत्र
ते सिनॅमनचंच आहे, आता मात्र खात्रीने सांगतो. सेटिंगमध्ये 'जनरल'खाली पूर्ण स्क्रीनच्या खिडक्यांसाठी कंपोझिटिंग (खिडक्या एकत्र जुळवून मग स्क्रीनवर दाखवणं) बंद करण्याचा पर्याय आहे. तो चालू असेल तर बंद करा.

अक्षरमाला
चालू होता. बंद केला, रेघ गेली.